यवतमाळचे पाणी आणि पूर : वर्षाचा हिशेब, तासाचा हिशेब

यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीच्या पठारावर वसले आहे. पठाराच्या उत्तर उतारावर पडलेला पाऊस बेंबळेच्या वाटेने वर्धेला मिळतो. दक्षिणेकडचे पाणी वाघाडी, अडाण आणि अरुणावती या नद्यांतून पैनगंगेकडे जाते. वर्धा ही जिल्ह्याची पूर्वेची आणि पैनगंगा ही दक्षिणेची हद्द. वणी तालुक्याच्या टोकाशी या दोन नद्यांचा संगम होतो आणि तेथून पाणी प्राणहितेमार्गे गोदावरीला जाते. जिल्ह्याचे मुख्यालय जलविभाजकाच्या माथ्यावर आहे आणि मोठ्या नद्या जिल्ह्याच्या कडेने वाहतात. या रचनेमुळे येथे दोन प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आले आहेत : उन्हाळ्यात पाणी कुठून आणायचे, आणि पावसाळ्यात आलेले पाणी कुठून जाऊ द्यायचे. पहिल्या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास विदर्भात सुमारे दीडशे वर्षांपूर्वी सुरू झाला. गावा-शहरांच्या पातळीवर दुसऱ्याकडे लक्ष गेले ते फार उशिरा.

जमीन, खडक आणि पाऊस

जिल्ह्याचे क्षेत्रफळ १३,५८२ चौरस किलोमीटर आहे. वार्षिक पाऊस सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास असून त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. जिल्ह्याचा बहुतांश भाग बेसाल्ट खडकाचा आहे. पूर्वेला वणीच्या बाजूला मात्र चुनखडी, वालुकाश्म आणि कोळशाचे थर लागतात. बेसाल्टमध्ये पाणी साठते ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. अखंड काळा पाषाण लागला की खाली पाणी जवळजवळ उतरत नाही. त्यामुळे विहिरी पावसाळ्यात लवकर भरतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत तितक्याच लवकर तळ गाठतात. केळापूर, झरी-जामणी या भागांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आढळते, म्हणून तेथे विहिरीत पाणी असणे आणि ते पिण्याजोगे असणे या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात.

वरची काळी कापसाची माती पुराच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. उन्हाळ्यात ती आकसते आणि तिला खोल भेगा पडतात. जूनचे पहिले पाऊस या भेगांत जिरून जातात आणि ओढ्यांना पाणी जवळपास येतच नाही. पुढे माती भिजून फुगते, भेगा मिटतात आणि पृष्ठभाग जणू लिंपून निघतो. जुलैच्या उत्तरार्धात किंवा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये या भिजलेल्या जमिनीवर जोराचा पाऊस झाला तर त्यातला मोठा वाटा सरळ नाल्याला लागतो. जूनमध्ये निमूटपणे जिरून गेलेला १०० मिलिमीटर पाऊस ऑगस्टमध्ये पूर आणू शकतो. जिल्ह्यातल्या पुरांचा विचार करताना पावसाच्या आकड्याइतकेच महत्त्व त्या दिवशीच्या जमिनीच्या ओलाव्याला द्यावे लागते.

पांढरी आणि काळी

वऱ्हाडातल्या जुन्या गावांनी हे गणित आकड्यांशिवाय सोडवले होते. गावठाणाची जमीन ती पांढरी आणि शेताची ती काळी, असा भेद मराठी मुलखात सर्वत्र रूढ होता. पांढरी बहुधा नदी-नाल्याच्या काठची, पण पुराच्या पातळीवरची उंचवट्याची जागा असे. पाणी हाताशी हवे आणि पूर दाराशी नको, या दोन गरजांतून ती निवडली जाई. नदीलगतची सखल जमीन गाळपेरीला, गुरांना किंवा भाजीच्या वाडीला सोडलेली असे. नदी आटली की पात्रातल्या वाळूत झिरे खोदून पिण्याचे पाणी काढले जाई. डोंगरउतारावरचे कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या, झऱ्याच्या आधाराने वसलेले असत. पूस नदीवर पुसद, निरगुड्यावर वणी, वाघाडीवर घाटंजी, अरुणावतीवर आर्णी, खुनी नदीवर पांढरकवडा अशी जिल्ह्यातली बहुतेक मोठी गावे मध्यम आकाराच्या नद्यांकाठी वाढली.

भूजलाच्या चढउताराकडेही लोकांचे लक्ष होते. कळंबच्या चिंतामणी मंदिरातली गणेशमूर्ती जमिनीच्या पातळीच्या बऱ्याच खाली आहे आणि समोर कुंड आहे. काही वर्षांच्या अंतराने कुंडातले पाणी वर चढून मूर्तीपर्यंत पोहोचते. भाविक त्याला गंगेचे अवतरण मानतात. भूजलशास्त्राच्या दृष्टीने सलग चांगल्या पावसाने भूजलाची पातळी वर आल्याची ती खूण आहे. कुंडात पाणी कधी चढले याच्या लोकांनी जपलेल्या आठवणी या भागातल्या भूजलाची एक जुनी नोंदच ठरतात.

वणी जिल्हा ते यवतमाळ जिल्हा

१८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १८६४मध्ये वऱ्हाडच्या आग्नेय भागाचा वेगळा जिल्हा झाला आणि पुढे तो वणी जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला. १९०५च्या फेररचनेत वाशीम जिल्ह्यातला पुसद तालुका त्याला जोडला गेला आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. लोहाऱ्याबरोबर यवतमाळचा उल्लेख आईन-ए-अकबरीत परगण्याचे ठिकाण म्हणून येतो, पण शहर म्हणून त्याची वाढ जिल्ह्याच्या कचेऱ्या आणि कापूस यांच्यामुळे झाली. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूरपर्यंतची अरुंद लोहमार्गाची गाडी सुरू झाली. कचेऱ्या, बाजार आणि रेल्वे यांच्यामागून वस्ती आली. या वाढीत पाण्याचा विचार मागे राहिला, कारण पठारावर विहिरींखेरीज दुसरा आधार नव्हता.

ब्रिटिश काळातल्या वऱ्हाडात सिंचन म्हणजे जवळपास विहिरींचेच सिंचन होते. काळी माती ओल धरून ठेवते, म्हणून कापूस-ज्वारीला कालव्याची गरज नाही, असा सरकारचा समज होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी हा समज डळमळीत केला. तरीही सरकारी कामांचा रोख दुष्काळी रस्ते, खडी आणि विहिरी यांच्यावरच राहिला. नदीच्या पाण्याचे मोजमाप करावे, असे या जिल्ह्यात कोणाला वाटण्याचे कारण पडले नाही. ते मोजमाप झाले सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या नागपुरात.

नागपूरचे मोजमाप

अलेक्झांडर बिन्नी हा अभियंता मध्य प्रांताच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात होता. चांदा जिल्ह्यात, म्हणजे वणीच्या समोर वर्धेच्या पलीकडे, कोळशाचा शोध लावण्यातही त्याचा वाटा होता. भोसल्यांच्या काळातला अंबाझरी तलाव वाढवून नागपूर शहराला नळाने पाणी देण्याचे काम त्याच्याकडे आले. बांध किती उंच करावा हे ठरवण्यासाठी पडलेल्या पावसातला किती भाग तलावात येतो, हे कळणे आवश्यक होते. इंग्लंडमधले आकडे येथे उपयोगाचे नव्हते. तेथे पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो आणि येथे चार महिन्यांत सगळा. म्हणून बिन्नीने नागपूरजवळच्या सुमारे १६ चौरस किलोमीटरच्या पाणलोटात १८६९ आणि १८७२ या वर्षांत पाऊस आणि वाहून आलेले पाणी प्रत्यक्ष मोजले. हंगामाच्या सुरुवातीपासून एकूण पाऊस किती झाला आणि एकूण पाणी किती वाहिले, यांची त्याने जोडी लावली. सुरुवातीला जमीन जवळजवळ सगळे पिऊन टाकते आणि हंगाम पुढे सरकतो तसा वाहत्या पाण्याचा हिस्सा वाढत जातो, हे त्यातून दिसले.

या निरीक्षणांवरून तयार झालेली टक्केवारी भारतीय जलविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत आजही बिन्नीच्या नावाने छापली जाते. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस झाला तर त्यातला १५ टक्के वाहतो. ७०० मिलिमीटरला हे प्रमाण २५ टक्के, ९००ला ३४ टक्के आणि १,०००ला ३८ टक्के होते. पाऊस ९००वरून ५००वर आला तर तो ४५ टक्क्यांच्या आसपास घटतो, पण वाहणारे पाणी ३०६ मिलिमीटरवरून ७५ मिलिमीटरवर येते, म्हणजे तीन-चतुर्थांश नाहीसे होते. कमी पावसाच्या वर्षी शेतात पीक कसेबसे उभे राहते, पण तलाव मात्र कोरडा पडतो. त्याचे कारण या टक्केवारीत आहे. मध्य प्रदेश आणि विदर्भासाठी ही टक्केवारी उपयोगी ठरली. १८९२मध्ये डब्ल्यू. एल. स्ट्रेंज यांनी मुंबई इलाख्याच्या दक्षिण भागासाठी असेच तक्ते केले आणि त्यांत चांगला, मध्यम व वाईट असे पाणलोटाचे वर्ग पाडले.

बिन्नी आणि स्ट्रेंज यांचे तक्ते सांगतात ते वर्षाचे किंवा हंगामाचे पाणी. तलाव भरेल की नाही, हा त्यांचा प्रश्न होता. पूर मात्र वर्षाच्या बेरजेने येत नाही. तो ठरतो काही तासांच्या जोरावर.

पुराची सूत्रे

पुलाची मोरी किती रुंद ठेवावी आणि तलावाच्या सांडव्यावरून किती पाणी जाईल, हे रेल्वे आणि रस्त्यांच्या अभियंत्यांना ठरवावे लागे. नद्यांच्या पुराची मोजणी उपलब्ध नव्हती. १८६५मध्ये डिकन्स या अधिकाऱ्याने एक सोपे सूत्र मांडले. पाणलोटाच्या चौरस किलोमीटरमधल्या क्षेत्राचा तीन-चतुर्थांश घात काढायचा आणि त्याला प्रदेशानुसार एका गुणकाने गुणायचे. उत्तर येते ते पुराचा कमाल प्रवाह, सेकंदाला घनमीटरमध्ये. मध्य भारतासाठी हा गुणक १४ ते २८ धरला जातो. पुढे १९३०च्या सुमारास क्लॉड इंग्लिस यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या नद्यांसाठी वेगळे सूत्र दिले.

बिन्नीच्या १६ चौरस किलोमीटरच्या पाणलोटावर दोन्ही पद्धती लावून पाहिल्या तर पाणीपुरवठा आणि पूर यांच्यातले अंतर लक्षात येते. वर्षाला १,००० मिलिमीटर पाऊस आणि ३८ टक्के प्रवाह धरला तर वर्षभरात सुमारे ६१ लाख घनमीटर पाणी येते. वर्षाच्या सेकंदांत वाटले तर सरासरी सेकंदाला २०० लिटरही भरत नाही. १६चा तीन-चतुर्थांश घात ८ येतो. म्हणून डिकन्सच्या सूत्राने त्याच पाणलोटाचा कमाल पूर सेकंदाला ११२ ते २२४ घनमीटर निघतो. म्हणजे वर्षाच्या सरासरीच्या सुमारे ५८० ते १,१६० पट. वर्षाचा हिशेब बिनचूक केलेल्या अभियंत्यालाही तासाचा हिशेब त्यातून काढता येत नाही. शिवाय गुणक कोणता धरायचा यावर पुराचे उत्तर दुपटीने बदलते. एका टोकाचा गुणक घेऊन बांधलेली मोरी दुसऱ्या टोकाच्या पुराला निम्मीच पुरते.

या सूत्रांची दुसरी मर्यादा म्हणजे पाणलोटात शेत आहे की वस्ती आहे, हे त्यांना कळत नाही. शहरी गटारांच्या आखणीसाठी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून दुसरी पद्धत वापरात आहे. तीत पावसाचा तासाचा जोर, क्षेत्र आणि पृष्ठभागाचा गुणांक यांचा गुणाकार केला जातो. सिमेंटचा रस्ता किंवा छप्पर पडलेल्या पावसाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग लगेच सोडते. गवताळ जमीन बराचसा भाग धरून ठेवते. त्याखेरीज पक्क्या गटारांतून पाणी लवकर एकत्र येते, त्यामुळे कमी वेळात सारा लोंढा एका ठिकाणी पोहोचतो. ही पद्धत वापरायला तासागणिक पावसाची नोंद लागते. तालुक्याच्या ठिकाणी दिवसातून एकदा सकाळी वाचल्या जाणाऱ्या पर्जन्यमापकातून ती मिळत नव्हती.

धरणांचा काळ

महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर जिल्ह्यात पाण्याचे राजकारण आणि पाण्याची कामे दोन्ही वेगाने पुढे गेली. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक १९४६मध्ये पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष होते आणि १९६३ ते १९७५ या काळात राज्याचे मुख्यमंत्री राहिले. १९७२चा दुष्काळ त्यांच्याच कारकिर्दीत पडला. त्या दुष्काळात पाझर तलाव, नालाबांध आणि बांधबंदिस्तीची कामे रोजगाराशी जोडली गेली, आणि त्यातूनच रोजगार हमीची योजना उभी राहिली. पुसदजवळ पूस नदीवरचे धरण १९७१मध्ये झाले. पैनगंगेवरचे इसापूर धरण १९८२मध्ये, निम्न पूस १९८३मध्ये आणि दिग्रस तालुक्यातले अरुणावती धरण १९९४मध्ये पूर्ण झाले. बाभूळगाव तालुक्यातला बेंबळा प्रकल्प त्यानंतरचा.

याच गहुलीचे सुधाकरराव नाईक १९९१ ते १९९३ या काळात मुख्यमंत्री होते. मोठ्या धरणांनी सगळ्या शेताला पाणी पोहोचणार नाही, पडलेले पाणी पडल्या जागी अडवावे लागेल, या भूमिकेतून त्यांच्या काळात जलसंधारणाचे स्वतंत्र खाते झाले. १० मे हा त्यांचा स्मृतिदिन राज्यात जलसंधारण दिन म्हणून पाळला जातो. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवत यावे, हे या चळवळीचे सूत्र. त्याचा हेतू भूजल वाढवणे हा होता, पण पुराच्या शास्त्रातही ते बसते. माथ्यावर समपातळी चर आणि ढाळीचे बांध असले की पाणी उशिरा खाली येते आणि लहान-मध्यम पुराचा कळस उतरतो. अतिवृष्टीच्या मोठ्या पुरात मात्र हे उपचार आधीच भरलेले असतात आणि त्यांचा परिणाम कमी होतो.

धरणांनी पुराचे स्वरूप बदलले. जलाशय रिकामा असताना ते पुराला अडवतात. भरलेला असताना आलेले पाणी खाली सोडावेच लागते. सिंचनासाठी आणि पिण्यासाठी जलाशय हंगामाअखेर भरलेला हवा, तर पूर अडवण्यासाठी त्यात जागा मोकळी हवी. या दोन गरजांची तडजोड जलाशय परिचालन सूचीत केलेली असते. कोणत्या तारखेला पातळी किती असावी, हे तीत ठरवून दिलेले असते. ऑगस्टअखेरीस जलाशय भरत आलेले असतात, म्हणून सप्टेंबरमधला जोरदार पाऊस धरणाखालच्या गावांना अधिक धोक्याचा ठरतो. वर्धा नदीच्या बाबतीत प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. पाणी मध्य प्रदेशातल्या मुलताईपासून येते, मोठी धरणे अमरावती आणि वर्धा जिल्ह्यांत आहेत आणि पूर मात्र राळेगाव, मारेगाव, वणी या तालुक्यांच्या काठाला बसतो.

माथ्यावरच्या शहराची तहान

यवतमाळ शहराने आपले पाणी आधी निळोणा आणि पुढे चापडोह या शहराजवळच्या जलाशयांतून घेतले. शहराला पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पुरवते. ही संस्था १९७६च्या कायद्याने स्थापन झालेल्या पाणीपुरवठा व जलनिःसारण मंडळाची पुढची अवस्था आहे. जलविभाजकाच्या माथ्याजवळचे तलाव लहान पाणलोटावर अवलंबून असतात. त्यांच्या वर दुसरी नदी नसते, बाहेरून पाणी येत नाही. बिन्नीच्या टक्केवारीतली घसरण त्यांना पूर्णपणे लागू होते. २०१७च्या अपुऱ्या पावसानंतर नेमके हेच झाले. २०१८च्या उन्हाळ्यात दोन्ही जलाशयांतला साठा आटला, नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येऊ लागले आणि शहर टँकरवर विसंबले. बेंबळा प्रकल्पातून पाणी उचलून माथ्यावर आणण्याची योजना त्या टंचाईत शहराचा मुख्य आधार म्हणून पुढे आली.

दूरच्या आणि सखल ठिकाणच्या धरणातून पाणी चढवून आणणे हा महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांचा मार्ग आहे. त्याने टंचाईची धार कमी होते, पण शहराचे स्वतःच्या नाल्यांशी असलेले नाते तुटते. ज्या ओढ्या-विहिरींतून पाणी प्यायचे नाही त्यांची निगा राखायचे कारण उरत नाही. मग ओढा सांडपाण्याचा नाला होतो आणि त्याच्या काठची सखल जमीन लेआउटला मोकळी दिसू लागते. जुन्या गावाने जी जागा गाळपेरीला सोडली होती ती प्लॉट म्हणून विकली जाते. पांढरी आणि काळी यांच्यातली सीमा अशी पुसली जाते.

पुरांची मालिका

३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने नागपूर जिल्ह्यातले मोवाड हे गाव उद्ध्वस्त केले. दोनशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले आणि गाव दुसऱ्या जागी वसवावे लागले. मोवाड यवतमाळ जिल्ह्यात नाही, पण यवतमाळची पूर्व सीमा असलेल्या नदीचाच तो पूर होता. वर्धेच्या खोऱ्यात एका दिवसात काय होऊ शकते, याची ती सर्वांत ठळक नोंद आहे.

सप्टेंबर २०२१मध्ये बंगालच्या उपसागरातून आलेल्या गुलाब चक्रीवादळाचे अवशेष तेलंगणामार्गे मराठवाडा आणि विदर्भावर आले. हंगामअखेरीची भिजलेली जमीन आणि भरलेले जलाशय यांच्यावर हा पाऊस पडला. २८ सप्टेंबरला उमरखेड तालुक्यात दहागावजवळच्या नाल्यावरील पुलावरून पाणी वाहत असताना एसटी बस वाहून गेली आणि प्रवाशांचे बळी गेले. बस वाहून गेली ती नाल्यावर. पैनगंगेसारख्या मोठ्या नद्यांच्या पातळीवर धरणे आणि जलमापन केंद्रे यांचे लक्ष असते. नाल्याला इशारा देणारी यंत्रणा नसते. त्याचा पूर पावसापाठोपाठ तास-दोन तासांत येतो आणि तितक्याच लवकर ओसरतो.

जुलै २०२२मध्ये वर्धेच्या पुराने वणी, मारेगाव आणि राळेगाव भागांतल्या अनेक गावांना वेढा पडला. नदीकाठी कोळशाच्या उघड्या खाणी आहेत. खोल खड्डे आणि मातीचे ढिगारे यांनी काठचा उतार आणि ओढ्यांची वाट बदलते, म्हणून या पट्ट्यात पुराचा अभ्यास जुन्या नकाशांवर विसंबून करता येत नाही.

२२ जुलै २०२३ला यवतमाळ शहरासह जिल्ह्याच्या मोठ्या भागात अतिवृष्टी झाली. महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पाण्याने वेढले. चाळीसहून अधिक लोक अडकल्याची पहिली खबर आल्यावर हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवण्यात आली आणि राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या मदतीने लोकांची सुटका झाली. यवतमाळ शहरातही सखल वस्त्यांतल्या घरांत पाणी शिरले. पाच वर्षांपूर्वी टँकरमागे धावलेले हेच शहर होते. त्याच वर्षी २३ सप्टेंबरच्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव सांडव्यावरून वाहिला आणि खालच्या वस्त्या पाण्यात गेल्या. बिन्नीने ज्या तलावाच्या पाण्याचा वर्षाचा हिशेब केला होता, त्याच तलावाखाली तासाच्या हिशेबाने शहराला गाठले.

पूररेषा आणि शहरी पुराचा अभ्यास

महाराष्ट्रात नदीकाठच्या बांधकामावर नियंत्रण आणण्यासाठी पाटबंधारे खात्याने १९८९मध्ये पूररेषांची पद्धत घालून दिली. साधारणतः २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा निषिद्ध, दोन रेषांमधला नियंत्रित. १०० वर्षांचा पूर म्हणजे शंभर वर्षांत एकदाच येणारा पूर असा गैरसमज असतो. त्याचा खरा अर्थ कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता एक टक्का आहे, असा. तीस वर्षे टिकणाऱ्या घराच्या आयुष्यात तो येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. २०२०च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने या रेषांचे बंधन नगर परिषदांच्या बांधकाम परवान्यांशी जोडले आहे. रेषा आखल्या जातात त्या मुख्यतः नद्यांसाठी. शहरात घरे बुडतात ती बहुधा नाल्याकाठी.

शहरी पूर हा नदीच्या पुराहून वेगळा विषय आहे, हे देशाच्या धोरणात मान्य झाले ते मुंबईतल्या २६ जुलै २००५च्या पावसानंतर. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून आखलेल्या होत्या आणि तो आकडा ५० करण्याची शिफारस १९९३च्या अहवालात आधीच झालेली होती. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या पुराची कारणे तपासली. २०१०मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने शहरी पुरासाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. शहरीकरणाने पुराचा कळस १.८ ते ८ पट आणि पाण्याचे आकारमान ६ पटींपर्यंत वाढते, असे त्यांत नोंदले आहे. शहराचे नियोजन वॉर्डांच्या सीमेने न करता पाणलोटाच्या सीमेने करावे आणि शहरात दर चार चौरस किलोमीटरला एक स्वयंचलित पर्जन्यमापक असावा, अशा त्यांतल्या प्रमुख शिफारशी आहेत.

ही तत्त्वे महानगरांना समोर ठेवून लिहिली गेली, तरी यवतमाळ, पुसद, वणी यांसारख्या नगर परिषदांच्या शहरांना ती अधिक सहज लागू करता येतात. या शहरांचे पाणलोट लहान आहेत, नाले मोजके आहेत आणि बरेचसे अजून उघडे आहेत. महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे बसवली गेल्यापासून तासागणिक पावसाची नोंद मिळू लागली आहे. तिचा मुख्य उपयोग पीकविमा आणि मदतवाटपासाठी होतो. २४ तासांत ६५ मिलिमीटर ओलांडले की अतिवृष्टी, हा महसुली निकष आहे. शेताच्या नुकसानीसाठी तो सोयीचा असला तरी नाल्याला तो लागू पडत नाही. ६५ मिलिमीटर पाऊस दिवसभर रिमझिम पडला तर नाला शांत वाहतो आणि तासाभरात कोसळला तर पुलावरून जातो. त्याच केंद्रांच्या तासाच्या नोंदींवरून प्रत्येक शहरासाठी पावसाचा जोर, कालावधी आणि वारंवारता यांचे तक्ते करता येतात. मोऱ्या आणि गटारे यांची मापे या तक्त्यांवरूनच ठरायला हवीत.

पाणीपुरवठा, सिंचन, गटारे, रस्त्यांचे पूल आणि आपत्ती व्यवस्थापन ही कामे जिल्ह्यात आजही वेगवेगळ्या खात्यांकडे आहेत. त्या प्रत्येकाचा पावसाचा हिशेब वेगळा. माथ्यावरच्या शहरासाठी मात्र ते पाणी एकच आहे. जून ते सप्टेंबरमध्ये पठारावर पडलेला पाऊस नाल्यांना जागा ठेवून, तलावांत आणि जमिनीत अडवला तर पुराचा जोर उतरतो आणि उन्हाळ्यात दुरून पाणी उचलून आणण्याची गरज कमी होते. विदर्भातल्या पाण्याच्या अभ्यासाच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात वर्षाचे पाणी मोजण्यावर भर राहिला. टंचाई आणि पूर या दोन्हींवर उपाय करायचा असेल तर प्रत्येक नाल्याचे तासाचे पाणी मोजणे आणि त्याची वाट नकाशावर राखून ठेवणे, हे काम आता आधी झाले पाहिजे.